जीपीएसच्या ओळी मधेच तुटतात – सिरीयल बफर नेमका चालतो कसा?

वाटसरू

नमस्कार मंडळी,

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प चालू आहे. आर्डुइनो नॅनो (एटीमेगा३२८पी, १६ मेगाहर्ट्झ), निओ-६एम जीपीएस मॉड्यूल आणि एसडी कार्ड. जीपीएस दर सेकंदाला ओळी पाठवतं, नॅनोने त्या जशाच्या तशा कार्डावर लिहायच्या, एवढंच काम. वेग (बॉड रेट, म्हणजे सेकंदाला किती बिट) ९६००, आणि जीपीएस हार्डवेअर सिरीयलच्या आरएक्स (घेण्याच्या) पिनवरच जोडलंय.

बहुतेक ओळी नीट उमटतात. पण मधूनमधून अशी ओळ येते की सुरुवात जीजीए प्रकारच्या ओळीची आणि शेपूट जीएसव्ही प्रकारच्या ओळीचं. मधला मजकूर गायब. जी अक्षरं आहेत ती शुद्ध आहेत, कचरा कुठेच नाही. कार्डावर लिहिणं बंद करून वाचलं तर सगळ्या ओळी पूर्ण येतात.

मार्गदर्शक सरांनी बॉड रेट ४८०० करून बघायला सांगितलंय. ते करण्याआधी मला समजून घ्यायचंय की बाइट हरवतो कुठे. तारेत, चिपमध्ये की लायब्ररीत?

खटपट्या

वाचतोय. माझ्या माहितीप्रमाणे आर्डुइनोत ६४ बाइटचा बफर (आलेले बाइट तात्पुरते ठेवायची जागा) असतो, तो भरला की पुढचं जातं. बफर वाढवून बघ.

रोधक

वाटसरू, प्रश्न फार नीट मांडलास. "अक्षरं शुद्ध आहेत पण मधला मजकूर गायब" या एका वाक्यानेच निम्मं निदान होतं. तार किंवा बॉड रेट बिघडला असता तर अक्षरांच्या जागी कचरा दिसला असता. इथे बाइट चिपपर्यंत सुखरूप पोचतायत आणि मग टाकून दिले जातायत.

मुळापासून सांगतो. हे सिरीयल असिंक्रोनस असतं, म्हणजे दोन्ही टोकांमध्ये क्लॉकची तार नाही. तार रिकामी असताना पातळी वर असते. बाइट सुरू होताना ती खाली येते, तो स्टार्ट बिट. या उतरत्या कडेवरून घेणारी चिप आपलं घड्याळ नव्याने लावते आणि पुढचा प्रत्येक बिट साधारण मध्यावर तपासते. एव्हीआर एका बिटाचे १६ भाग पाडते आणि ८, ९ व १० या तीन भागांत बहुमताने शून्य की एक ते ठरवते. आठ बिट झाले की स्टॉप बिट. म्हणजे एका बाइटमागे १० बिट, आणि ९६०० ला एका बाइटला १.०४ मिलिसेकंद लागतात.

आता बाइटचा प्रवास बघ. पहिला मुक्काम शिफ्ट रजिस्टर, तिथे बिट एकेक करून गोळा होतात. बाइट पूर्ण झाला की तो हार्डवेअरमधल्या दोन बाइटच्या छोट्या रांगेत जातो आणि इंटरप्टची विनंती होते. प्रोसेसर हातातलं काम थांबवून आयएसआरमध्ये (इंटरप्ट आल्यावर चालणारा छोटा कोड) शिरतो, यूडीआर रजिस्टर (हार्डवेअरच्या रांगेचं दार) वाचतो आणि तो बाइट रॅममधल्या ६४ जागांच्या वर्तुळाकार बफरमध्ये ठेवतो. तुझा कोड रीड म्हणतो तेव्हा तो या वर्तुळातून उचलतो. यूडीआरला तुझा कोड हातही लावत नाही.

तर हिशोब. ६४ पैकी वापरता येतात ६३ (का ते पुढे कोणीतरी सांगेलच). ६३ बाइट भरायला ९६०० च्या वेगाने साधारण ६५ मिलिसेकंद लागतात. तुझा लूप ६५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ रीडकडे फिरकला नाही तर बफर तुडुंब. एसडी कार्डाला एक ब्लॉक लिहायला बहुतेक वेळा काही मिलिसेकंद लागतात, पण कार्ड मधेच आतली आवराआवर करत बसतं. एसडीएचसी कार्डाला लिहिताना २५० मिलिसेकंदांपर्यंत 'थांब' म्हणायची मुभा प्रमाणानुसारच आहे. तेवढ्या वेळात २४० बाइट येतात. आणि आर्डुइनोचा आयएसआर बफर भरलेला दिसला की नवा बाइट गुपचूप टाकून देतो, जुन्यांना हात लावत नाही. म्हणूनच तुझ्या ओळीची सुरुवात शाबूत आहे. जीजीएचे पहिले ६३ बाइट आत बसून राहिले, मधलं जीएसए अख्खं गेलं, आणि कार्ड मोकळं झाल्यावर जागा झाली तेव्हा जीएसव्हीचं शेपूट चालू होतं.

सरांचा ४८०० चा सल्ला: त्याने ६३ बाइटना १३१ मिलिसेकंद मिळतील, म्हणजे तुटण्याचं प्रमाण घटेल, थांबणार नाही. शिवाय ४८०० ला सेकंदाला ४८० बाइटच जातात आणि या मॉड्यूलच्या मूळच्या सहा प्रकारच्या ओळी मिळून जवळपास तेवढ्याच होतात. उपग्रह जास्त दिसले की जीएसव्हीच्या ओळी वाढतात आणि सेकंदात मावेनाशा होतात.

वाटसरू

रोधक सर, खूप आभार. हे असं एकत्र कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. एक शंका आहे. आयएसआर कधीही मधे घुसतो. मी बफरमधून बाइट काढत असतानाच त्याने नवा ठेवला तर गोंधळ कसा होत नाही? आणि ६३ च का?

शून्यबिंदू

याचं उत्तर मी देते, कारण या रचनेवर माझा मनापासून जीव आहे.

वर्तुळाला दोन खुणा असतात, हेड आणि टेल. हेड म्हणजे पुढचा बाइट कुठे ठेवायचा, टेल म्हणजे पुढचा कुठून उचलायचा. शेवटच्या जागेनंतर दोन्ही पुन्हा शून्यावर येतात. सगळी सुरक्षितता एका करारावर उभी आहे: हेड फक्त आयएसआरने बदलायचा, टेल फक्त मुख्य कोडने. समोरच्याची खूण वाचायची मुभा आहे, लिहायची नाही. एवढं पाळलं की घेताना इंटरप्ट बंद करावे लागत नाहीत.

क्रमही तेवढाच महत्त्वाचा. आयएसआरने आधी बाइट जागेवर ठेवायचा, मग हेड पुढे न्यायचा. आधी वाचून मग टेल पुढे, हा मुख्य कोडचा क्रम. काही प्रोसेसरवर आयएसआर चालू असतानाच वरचढ इंटरप्ट मधे येऊन बफर वाचू शकतो, तिथे आयएसआरचा क्रम उलटला तर अजून न भरलेली जागा भरली म्हणून वाचली जाते.

६३ चं कारण: हेड आणि टेल एकाच जागी असले तर बफर रिकामा समजायचा. चौसष्टही जागा भरू दिल्या तर हेड फिरून टेलवरच येईल, आणि भरलेला व रिकामा यात फरक कळणार नाही. म्हणून एक जागा कायम मोकळी ठेवतात. वेगळा मोजणी व्हेरिएबल ठेवून ६४ वापरता येतात, पण मग तो व्हेरिएबल दोघेही लिहिणार आणि वरचा करार मोडणार. एक बाइट वाचवायला ही किंमत फार आहे.

खटपट्या यांनी बफर वाढवायला सांगितलंय ते बरोबर, पण २५६ पर्यंतच सुखाने. तोवर खूण एका बाइटात मावते आणि आठ-बिट एव्हीआर ती एका झटक्यात वाचते. ५१२ केलात तर खूण दोन बाइटांची होते. समजा हेड २५५ वर आहे. मुख्य कोडने खालचा बाइट वाचला, २५५. तेवढ्यात आयएसआर आला आणि हेड २५६ झाला. परत येऊन वरचा बाइट वाचला, १. दोन्ही जोडून उत्तर ५११. जी जागा कधी भरलीच नाही ती भरली असं कोडला वाटतं. आर्डुइनोचा कोअर (बोर्डासोबत येणारा मूळ कोड) २५६ च्या वर गेलात की खूण आपोआप दोन बाइटांची करतो, पण घेण्याच्या बफरची खूण वाचताना इंटरप्ट रोखत नाही. स्वतः बफर लिहिणाऱ्यांनीही हे विसरू नये. आणि दोन्ही खुणा व्होलटाइल हव्यात, नाहीतर कंपायलर जुनी किंमत रजिस्टरमध्ये धरून बसतो आणि "हेड बदलेपर्यंत थांब" हा लूप कधीच सुटत नाही.

खटपट्या

ताई, सुंदर समजावलंत. वाचनखूण साठवली.

वाटसरू, बफर वाढवताना स्केचच्या माथ्यावर डिफाइन लिहून काही होणार नाही. कोअर वेगळा कंपाइल होतो, त्याला तुझी ओळ दिसत नाही. सिरीयल_आरएक्स_बफर_साइझ हे बिल्डच्या सेटिंगमध्ये द्यावं लागतं, प्लॅटफॉर्मआयओ वापरत असशील तर बिल्ड फ्लॅगमध्ये.

दिवेलागण

माझाही असाच त्रास आहे म्हणून इथेच विचारते. संगणकावरून ११५२०० ने रंगांचा डेटा नॅनोला पाठवते आणि ती ६० दिव्यांची डब्ल्यूएस२८१२ पट्टी चालवते. मधेच बाइट गळतात आणि रंग एक घर सरकतात. बफर २५६ केला. काडीचाही फरक नाही! असं का?

रोधक

दिवेलागण, लक्षण सारखं दिसतंय पण तुमचे बाइट दुसऱ्याच मुक्कामावर हरवतायत.

डब्ल्यूएस२८१२ ला प्रत्येक बिटाची रुंदी काटेकोर लागते, म्हणून तिची लायब्ररी पट्टीला डेटा देताना सगळे इंटरप्ट बंद करते. एका दिव्याला २४ बिट, प्रत्येक १.२५ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे दिव्यामागे ३० मायक्रोसेकंद. ६० दिव्यांना १.८ मिलिसेकंद. या काळात आयएसआर चालतच नाही, त्यामुळे रॅममधला बफर २५६ चा असो की २००० चा, त्यात बाइट ठेवणारंच कोणी नाही. हौद कितीही मोठा बांधला तरी पन्हळीचं तोंड बंद असेल तर पाणी अंगणातच जाणार.

त्या १.८ मिलिसेकंदांत ११५२०० ने २० बाइट येतात. हार्डवेअरच्या रांगेत दोन बसतात, तिसरा शिफ्ट रजिस्टरमध्ये थांबू शकतो, आणि चौथ्याचा स्टार्ट बिट दिसला की चिप ओव्हररनचा (जागा नसल्याने बाइट बुडाल्याचा) ध्वज वर करते. म्हणजे दर खेपेला सतरा-अठरा बाइट गेले. आठ दिव्यांची पट्टी असती तर २४० मायक्रोसेकंदांत हे जेमतेम निभावलं असतं. ६० दिव्यांना नाही.

पडताळा घ्यायचा असेल तर मिलिस घड्याळ (आर्डुइनोची मिलिसेकंदांची मोजणी) बघा. त्याचा टायमर दर १.०२४ मिलिसेकंदाला इंटरप्ट मागतो आणि एकच विनंती थकीत राहू शकते. तुमच्या १.८ मध्ये कधी एक बसते, कधी दोन. दोन बसल्या की एक टिक बुडते. पट्टी सतत ताजी करत असाल तर घड्याळ मागे पडलेलं दिसेल.

उपाय पाठवणाऱ्याच्या बाजूला आहे. नॅनोने पट्टी लिहून झाली की संगणकाला एक बाइट पाठवायचा: "आता दे". संगणकाने तो आल्याशिवाय पुढची चौकट पाठवायची नाही. १८० बाइटना साधारण १५.६ मिलिसेकंद लागतात, वर १.८ पट्टीचे. सेकंदाला पन्नास चौकटी आरामात निघतील. नवी पट्टी घेणार असाल तर एपीए१०२ बघा, तिला क्लॉकची वेगळी तार असते, त्यामुळे इंटरप्ट बंद करायची गरजच पडत नाही.

दिवेलागण

हे वाचून लख्ख उजेड पडला. माझं घड्याळ खरंच मागे पडतं, मी त्याचा दोष क्रिस्टलला देत होते. "आता दे" ची पद्धत आज रात्रीच लिहून बघते.

मोजपट्टी

दोघांनाही एक पुरवणी. सॉफ्टवेअर सिरीयल लायब्ररीही हेच करते. ९६०० ने एक बाइट घेताना ती जवळपास मिलिसेकंदभर इंटरप्ट अडवून ठेवते. जीपीएस तिच्यावर आणि संगणक हार्डवेअर सिरीयलवर ११५२०० ने असं जोडलं की दर जीपीएस बाइटमागे संगणकाचे ११ बाइट दारात उभे. वाटसरूने जीपीएस हार्डवेअरवर घेतलंय ते उत्तम केलंय.

आता माझा प्रश्न. आमच्या कारखान्यात मॅक्स४८५ (एकाच तारजोडीवर आळीपाळीने पाठवणारी-घेणारी चिप) लावून मीटर वाचतो, मोडबस आरटीयू या पद्धतीने. यूएआरटीचा (चिपमधल्या सिरीयल हार्डवेअरचा) कोड मी स्वतः लिहिलाय. पाठवून झालं की दिशेची पिन खाली करतो, तर शेवटचा बाइट मीटरला फाटका पोचतो. पाठवण्याचा बफर रिकामा झाल्याची खात्री करूनच पिन खाली करतोय.

शून्यबिंदू

मोजपट्टी, "बफर रिकामा" म्हणजे "तारेवरून गेलं" असं नाही. पाठवतानाही तेवढेच मुक्काम असतात, उलट्या दिशेने. वर्तुळातून शेवटचा बाइट यूडीआरमध्ये गेला की बफर रिकामा. यूडीआरमधून शिफ्ट रजिस्टरमध्ये उतरला की यूडीआरई ध्वज वर. पण तेव्हा तारेवर त्याचा स्टार्ट बिट नुकता निघालेला असतो. शेवटचा स्टॉप बिट बाहेर पडल्यावर जो ध्वज उठतो तो टीएक्ससी. दिशेची पिन फक्त त्याच्यावर खाली करा, शक्यतो त्याच्याच इंटरप्टमध्ये. उशीरही नको, कारण मीटरने उत्तर सुरू केलं आणि तुमचा ड्रायव्हर अजून तार धरून बसला असेल तर दोघे भांडतील. मोडबसमध्ये दोन चौकटींमध्ये साडेतीन अक्षरांची शांतता असते, ९६०० ला सुमारे ४ मिलिसेकंद, तेवढीच उसंत तुमच्याकडे आहे.

यूडीआरईचा आणखी एक स्वभाव. तो "जागा रिकामी आहे" असं सतत सांगत राहतो. वर्तुळ संपलं की त्याचा इंटरप्ट बंद करावाच लागतो, नाहीतर आयएसआरमधून बाहेर पडताच प्रोसेसर पुन्हा आत ओढला जातो आणि मुख्य कोड रांगायला लागतो. नवा बाइट बफरमध्ये टाकताना तो परत चालू करायचा.

जुनी_तार

मंडळी, ही चर्चा वाचून फार बरं वाटलं. आम्ही ८०५१ वर शिकलो. तिथे आरआय (बाइट आला) आणि टीआय (बाइट गेला) या दोन्हींना मिळून एकच इंटरप्ट, आत शिरून कोण आलंय ते बघायचं आणि ध्वज आपल्या हाताने खाली करायचा. ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल मागायचो, कारण त्याला १२ ने, मग ३२ ने आणि ३ ने भागलं की बरोब्बर ९६०० येतात. तुमच्या १६ मेगाहर्ट्झवर ११५२०० जुळत नाही. दुप्पट गतीच्या सेटिंगमध्येही प्रत्यक्षात ११७६४७ मिळतो, म्हणजे २.१ टक्के जास्त. दहा बिटांत ही चूक साठून बिटाच्या पाचव्या हिश्शापर्यंत जाते. समोरचा अचूक असेल तर चालून जातं, समोरचा उलट्या बाजूला चुकत असेल तर कचरा. दिवेलागण ताईंचे बाइट गळतायत, बिघडत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे हे कारण नाही.

नवा_गडी

पण आजच्या काळात एवढी कसरत का करायची? एसटीएम३२ घ्या, डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता हार्डवेअरनेच बाइट रॅममध्ये ठेवायची सोय) वर्तुळाकार पद्धतीने लावा, तार शांत झाली की आयडल इंटरप्ट येतो. प्रोसेसरला बाइटमागे काहीच काम नाही.

रोधक

नवा_गडी, डीएमए मलाही आवडतो आणि ९,२१,६०० सारख्या वेगाला मी तोच लावेन. पण "कसरत का" याच्याशी सहमत नाही, कारण डीएमए घेतला की कसरत संपत नाही, फक्त जागा बदलते.

तिथे हेड हार्डवेअर हलवतं. डीएमएचा मोजणी रजिस्टर उलटा मोजतो, तेव्हा बफरच्या आकारातून तो वजा केला की हेड मिळतो. टेल तुमचाच. फरक हा की या हेडला टेल माहीत नाही. आर्डुइनोचा आयएसआर निदान बघतो आणि जागा नसेल तर नवा बाइट सोडतो. डीएमए बघत नाही, न वाचलेल्या बाइटवर खुशाल नवा लिहितो. तुमचा कोड एक पूर्ण फेरी मागे पडला तर हेड पुन्हा तिथेच दिसेल आणि वाटेल काही आलंच नाही. म्हणून अर्धा भरला आणि पूर्ण भरला हे दोन्ही इंटरप्ट घ्यायचे, आणि आयडल त्यांच्या जोडीला, जेणेकरून अर्धवट तुकडा अडकून राहणार नाही.

आणि डीएमए न लावता नुसत्या इंटरप्टवर एसटीएम३२ मधला एफ१०३ चालवलात तर तिथे हार्डवेअर रांगच नाही, एकच डेटा रजिस्टर. एव्हीआरपेक्षाही कमी उसंत. ओव्हररन झाला की हॅल ही एसटीएम३२ ची तयार लायब्ररी घेणंच थांबवते आणि एरर कॉलबॅकमध्ये ते पुन्हा सुरू करावं लागतं. "दोन दिवस चाललं आणि मग सिरीयल मुकं झालं" अशा तक्रारींत मी सगळ्यात आधी हेच तपासतो. ईएसपी३२ ला उलट १२८ बाइटची हार्डवेअर रांग आहे, तिथे इंटरप्ट उशिरा मिळाला तरी भागतं. प्रत्येक चिपला हा एकच प्रश्न विचारावा: आयएसआर अडकला तर किती बाइट तग धरतील आणि मुख्य कोड अडकला तर किती?

नवा_गडी

फेरी मागे पडण्याचा मुद्दा लक्षात आला नव्हता. माझ्या कोडमध्ये फक्त आयडल आहे. अर्ध्याचा इंटरप्ट लावतो.

वाटसरू

सगळं वाचून बदल केले. आरएक्स बफर २५६. प्रत्येक ओळीनंतर फाइल बंद करत होतो ते थांबवलं. जीपीएसला पब्एक्स ४० ची आज्ञा देऊन आरएमसी प्रकारची ओळ सोडून बाकीच्या ओळी बंद केल्या, आता सेकंदाला सत्तरेक बाइटच येतात. प्रत्येक ओळीची चेकसमही तपासतो, डॉलर आणि तारकेच्या मधल्या सगळ्या अक्षरांचा एक्सऑर. तुटलेली ओळ आता दिसत नाही.

पण दिसत नाही म्हणजे होत नाही असं कसं म्हणायचं? परीक्षक विचारतील. गळती मोजायची कशी?

रोधक

हा प्रश्न विचारलास याचा मला खूप आनंद झाला.

ओळी कमी केल्यास तोच खरा उपाय होता. २५५ बाइटच्या बफरमध्ये आता तीन सेकंदांहून जास्त मजकूर मावतो, कार्डाच्या २५० मिलिसेकंदांचा धाकच उरला नाही. फाइल बंद न करण्यानेही फरक पडतो, कारण बंद करताना डेटाचा ब्लॉक आणि डिरेक्टरीची नोंद दोन्ही लिहिली जातात. वीज गेली तर शेवटचा तुकडा जाईल, म्हणून मिनिटाला एकदा फ्लश ठेव. रॅमवरही लक्ष असू दे: एकूण २०४८, त्यातले ५१२ एसडी लायब्ररीचे, २५६ हे. छापायची वाक्यं फ्लॅशमध्येच ठेव. आणि त्याच पोर्टवरून तपासणीची वाक्यं छापत असशील तर ती आखूड ठेव. पाठवायचा बफरही ६४ चाच आहे, १०० अक्षरं छापलीस की पहिली साठेक लगेच आत जातात आणि उरलेल्यांसाठी प्रिंट ३५-४० मिलिसेकंद तुला तिथेच उभा करतो.

मोजण्याविषयी. सोपी पद्धत अशी की लूपमध्ये प्रत्येक फेरीला वाचण्याआधी अव्हेलेबल किती आहे ते बघ आणि आजवरचा उच्चांक साठव. तो २५५ ला टेकला तर गळती झाली असं धर, ८० च्या आसपास राहिला तर परीक्षकांना तोच आकडा दाखव. यातून मुख्य कोडचा उशीर कळतो. इंटरप्टचा उशीर यात दिसणार नाही, कारण आर्डुइनोचा आयएसआर पॅरिटीची चूक तेवढी तपासतो, ओव्हररनचा ध्वज बघतच नाही. तो हवा असेल तर आयएसआर स्वतः लिहावा लागेल. त्यात स्टेटस रजिस्टर आधी वाच आणि यूडीआर नंतर, कारण यूडीआर वाचला की त्या बाइटचे ध्वज निघून जातात. मग तीन वेगळे मोजणी व्हेरिएबल ठेव: ओव्हररनचा, फ्रेमिंगच्या चुकीचा (स्टॉप बिट जागेवर न मिळण्याचा) आणि बफर भरल्यामुळे सोडलेल्या बाइटचा. पहिला वाढला तर कोणीतरी इंटरप्ट अडवतंय, दुसरा वाढला तर बॉड रेट किंवा तार, तिसरा वाढला तर लूप. तिघांची बेरीज एकाच व्हेरिएबलमध्ये करू नकोस.